बारा महिने कॅराव्हॅनमध्ये : बेळगाव-खानापूर-गोकाक पट्ट्यातली देखभाल

वळणवाट
नमस्कार मंडळी. लांब व्हीलबेसची ट्रॅव्हलर, राहणारी माणसं दोन, मुक्काम बाराही महिने बेळगाव, खानापूर, चंदगड, गोकाक ह्याच पट्ट्यात. सध्याची मांडणी अशी : पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी १०० लिटर, सांडपाण्याची ६० लिटर, टपावर ४०० वॅटचं सोलर, १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, ५ किलोचा सिलिंडर. संडास कुठला बसवायचा ते अजून ठरलेलं नाही. चार दिवसांच्या सहलीचे सल्ले पोत्याने मिळतात, मला रोजच्या राहण्याचं हवंय. पावसाळा कसा काढायचा, वीज पुरते का, पाण्याची खात्री कशी करायची, मैला कुठे रिकामा करायचा, गाडी सडू नये म्हणून काय आणि कधी करायचं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं.

मलप्रभाकाठ
आधी जागा ठरवा, निम्मी देखभाल तिथेच संपते. बेळगाव शहरात वर्षाला १२००-१३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबीकडे सरकलं की हा आकडा कितीतरी पटींनी चढतो. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडे ६०० च्या आतबाहेर. आणि कणकुंबी ते गोकाक अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे सकाळी निघालात तर जेवायला पोचाल. जून ते सप्टेंबर पूर्वेला राहा, दसऱ्यानंतर पश्चिमेला या, एप्रिल-मे तर खानापूरच्या झाडीतच काढा. भर जुलैत जांबोटीत गाडी उभी करून मग ओल कशी घालवू म्हणून विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. घराला चाकं आहेत ती कशासाठी?

पूर्वेला एकच धोका, काळी माती. वरून कोरडी दिसते, दोन सरी पडल्या की साडेतीन-चार टनांची गाडी ॲक्सलपर्यंत बसते. म्हणून मुरूम टाकलेलं खळं, काँक्रीट किंवा गोडाऊनसमोरची फरसबंदी असेल तिथेच उभी करायची. शेताच्या बांधालगत कधीच नाही, बांध आतून पोकळ होतो. पश्चिमेच्या तांबड्या जमिनीत गाडी रुतण्याची भीती कमी, पण तो चिखल चाकाच्या कमानीत आणि चासीच्या खोबणीत भरून बसतो आणि आतली ओल आठवडाभर धरून ठेवतो. गंज तिथून सुरू होतो.

रात्रीच्या मुक्कामाला जंगलखात्याची हद्द टाळा. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय थांबता येत नाही. महिन्याच्या बोलीवर फार्महाऊसचं किंवा होमस्टेचं अंगण घेतलेलं बरं. बोली करतानाच चार गोष्टी ठरवून घ्या : पाणी किती, विजेचं सबमीटर कुणाचं, संडास रिकामा कुठे करायचा, आणि ऊस वाहतुकीच्या दिवसांत वाट मोकळी राहील का. सौंदत्तीच्या आसपास असाल तर पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस सोडून राहा.

उद्यमबागी
जागेचं खरं आहे, पण गळती पूर्वेलाही होते ओ. पत्र्याच्या गाडीत पाणी शिरतं ते बहुतेक टपावरून : सोलरच्या पायांची भोकं, एक्झॉस्ट पंख्याची चौकट, वायर आत येते तो ग्लँड, आणि पुढच्या काचेवरची शिवण. रोहिणी निघाली की, म्हणजे २५ मेच्या आसपास, शिडी लावून बघायला घ्या. मृग लागायच्या आत काम संपलं पाहिजे. पृष्ठभाग कोरडा नसेल तर कुठलंच सीलंट धरत नाही.

कृती अशी. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिथे आधी सिलिकॉन मारलेलं असेल तर शेवटचा कण निघेपर्यंत सोडू नका. सिलिकॉनच्या पातळ थरावर पीयू (पॉलियुरेथेन सीलंट) चिकटत नाही आणि रंगही बसत नाही. बरेच जण सिलिकॉनवर सिलिकॉन थापायलेत, दरसाल परत गळतं. भोकाच्या कडेला उघडा पत्रा दिसला की इपॉक्सी प्रायमरचा हात. चौकटीखाली ब्युटाइल टेप, स्क्रू आवळल्यावर टेप कडेने जरा बाहेर आली पाहिजे, ती कापून वरून पीयू सीलंटची गोट. हे सीलंट हवेतल्या दमटपणावर सुकतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. चार मिलिमीटरची गोट दोन दिवस पाण्यापासून जपायची.

तपासणी होजने, पण खालून वर. आधी खालची शिवण दहा मिनिटं भिजवा, आतून कागदी रुमाल दाबून बघा, मग त्याच्या वरची. एकदम टपावर पाणी ओतलं तर कुठली शिवण गळते ते कळत नाही. पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं चार फूट लांब, हे कायम ध्यानात ठेवा. गाडी उभी करताना पुढचं किंवा मागचं तोंड एक-दोन अंश वर ठेवायचं, पाणी टपावर साचून राहू नये एवढ्यासाठी.

दाराच्या खालच्या कडेला आणि सिलच्या (दाराखालच्या उंबऱ्याच्या) बॉक्समध्ये पाणी निघायला भोकं असतात. दोन महिन्यांतून एकदा तार घालून मोकळी करा. त्या पोकळीत इन्सुलेशन कोंबू नका! तिथे कॅव्हिटी वॅक्स मारा. खालून मारायला मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग चांगलं. काळं रबरी कोटिंग एकदा तडकलं की आत पाणी धरून बसतं आणि बाहेरून सगळं छान दिसतं.

वळणवाट
भिंतींना आत ग्लासवूल आणि वर प्लाय आहे. ठेवू का काढू?

उद्यमबागी
काढा. ग्लासवूल ओल पितं, खाली बसतं, आणि वरचा पत्रा आतून घामेजलेला राहतो. एसी डक्टला लावतात तो काळा नायट्राइल रबरचा शीट आणा, १९ मिलिमीटर, चिकट पाठीचा. पत्र्याला सगळीकडे टेकला पाहिजे, मागे हवेची फट राहिली की तिथेच दव जमतं. सांधे फॉइल टेपने बंद. प्लाय बदलायचा असेल तर आयएस ७१० चा मरीन, आणि कापलेल्या प्रत्येक कडेला पीयू सीलर. प्लाय कडेनेच पाणी ओढतो.

दुरडीतली भाकरी
ओलीचं निम्मं कारण स्वयंपाकात आहे, ते कुणीच लिहिलं नाही. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. दोन माणसांचा रोजचा गॅस २०० ते २५० ग्रॅम धरला तरी तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी नुसत्या ज्योतीतून हवेत जातं. भाताची वाफ, आमटीची उकळी आणि माणसांचा श्वास ह्याच्यावर वेगळा. बंद गाडीत हे सगळं रात्री गार पत्र्यावर आणि काचेवर जाऊन बसतं.

उपाय साधे आहेत. शेगडी पेटवायच्या आधी टपावरचा पंखा बाहेर फेकणाऱ्या दिशेला लावायचा आणि शेगडीच्या समोरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडायची, नाहीतर पंखा नुसता घुमतो. भात, डाळ कुकरमध्येच. भाकरी आतच करणार असाल तर पीठ भिजवायच्या गरम पाण्यावर झाकण ठेवा. ज्वारीची भाकरी आगीवर फुगवायला ज्योत लागते, इंडक्शनवर ती फुगत नाही, त्यामुळे गॅस राहणारच. फोडणी आणि मासे बाहेरच्या शेगडीवर करावेत. वासापेक्षा तेलाचा थर वाईट, तो पंख्याच्या जाळीवर बसतो आणि त्यावर बुरशी धरते. जाळी महिन्याला सोड्याच्या गरम पाण्यात घालावी.

गादीखाली फळी असेल तर तिच्यावर किंवा तिच्याखाली बुरशी येणारच. पट्ट्यांचा पलंग करा, नाहीतर काथ्याची जाड चटई घालून हवेला १०-१५ मिलिमीटर वाट ठेवा. सकाळी गादी उभी करून तासभर ठेवायची, ती लगेच घडी करून बंद करू नका.

मलप्रभाकाठ
ह्यात एक भर. जुलैत बाहेर २२ अंश आणि हवा पाण्याने भरलेली असते. तीच हवा आत येऊन २६ अंशांना पोचली तर तिची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे पावसातही पंखा चालू ठेवण्यात अर्थ आहे, पण ८० टक्क्यांच्या खाली नुसत्या पंख्याने जाता येत नाही. तिथून पुढे कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर लागतो आणि तो साधारण २०० वॅट खातो, म्हणजे बाहेरची लाइन हवी. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटापुरते ठीक. दीड हजारांचे डबे आणून अख्खी गाडी कोरडी होईल ही आशा सोडा.

वायरमन अण्णा
आता वीज. आधी हिशेब, मग खरेदी. दोन माणसांचा दिवस असा :

१२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज ४५० वॅट-तास
बीएलडीसी पंखे २५ वॅट, मिळून १२ तास, ३०० वॅट-तास
लॅपटॉप, मोबाइल, राउटर ३०० वॅट-तास
दिवे आणि पाण्याचा पंप ८० वॅट-तास
मिक्सर पाच मिनिटं, ५० वॅट-तास

बेरीज बाराशेच्या जवळ. ४०० वॅटची पॅनल टपावर सपाट बसवलेली असतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे दिवसाला १५०० ते १६०० वॅट-तास येतात, चैन आहे. जुलैत खानापुरात ३०० ते ५०० वर समाधान. गोकाकात त्याच्या दुपटीच्या आसपास. बाकीची तूट डीसी-डीसी चार्जरने (गाडी चालताना इंजिनाच्या अल्टरनेटरवरून बॅटरी भरणारा) भरायची : ३० अँपिअरचा असेल तर तासाभराच्या प्रवासात ४०० वॅट-तास. बीएस ६ गाडीचा अल्टरनेटर स्वतःच व्होल्टेज खालीवर करतो, त्यामुळे नुसता रिले टाकून राहत्या भागाची बॅटरी भरत नाही, डीसी-डीसीच लागतो.

तुमच्या दोन ट्युब्युलर कागदावर ३६०० वॅट-तास आहेत. निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत म्हणून वापरायला १८००. खरी अडचण पुढे आहे. ट्युब्युलर ही लेड-ॲसिड बॅटरी, ती शेवटचे २० टक्के भरायला चार-पाच तास घेते. सोलरवर ती रोज अर्धवट भरते, प्लेटांवर सल्फेट जमतं आणि दोन पावसाळ्यांत क्षमता निम्मी होते. घरी इन्व्हर्टरवर तीच बॅटरी पाच-सहा वर्षं चालते, कारण तिथे ती कायम भरलेली असते. शिवाय तिच्यातून हायड्रोजन आणि ॲसिडची वाफ निघते, म्हणून बाहेर नळी काढलेली पेटी हवीच. पलंगाखाली उघडी ट्युब्युलर ठेवणं सरळ धोक्याचं आहे.

२०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे २५६० वॅट-तास, त्यातले २१००-२२०० बिनधास्त वापरा. चार्जर १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (मुद्दाम जास्त व्होल्टेजवर भरणं) बंद. वजन २५ किलोच्या आत. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर साधारण ९०-१०० अँपिअर जातात, तिथे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, दीड मीटरच्या आत, फ्यूज १५० चा. लग (केबलच्या टोकाचा जोड) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेली हवी. हातोडीने ठोकलेली लग गरम होते, मग ढिली होते, मग आणखी गरम होते. केबलमधून जळलेल्या प्लॅस्टिकचा वास यायच्या आधी तो सांधा हाताला चटका देतो. मिक्सर चालू असताना एकदा हात लावून बघत जा.

आडवा गिअर
अण्णा, ट्युब्युलरला एवढं खाली पाडू नका. ती गावोगाव मिळते, डिस्टिल्ड वॉटर किराणा दुकानातही असतं, आणि बिघडली तर जुनीचे पैसे परत येतात. लिथियमची बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) गेली की पेटी पुण्याला नाहीतर बंगळूरला.

वायरमन अण्णा
बीएमएसबद्दल बरोबर. म्हणूनच स्क्रूने उघडणारी, बीएमएस बदलता येणारी पेटी घ्या, वितळवून बंद केलेली नको. पण ११० किलोपेक्षा जास्त वजन आणि रोज अर्धवट चार्ज, ह्या दोन गोष्टींपुढे मी तरी ट्युब्युलर सुचवणार नाही. महिनाभर एकाच अंगणात लाइनवर राहणार असाल तर मग चालेल.

लाइनवरून आठवलं. खेड्यातल्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर दोनशे-तीनशे रुपयांत येतो, तो लावल्याशिवाय गाडी जोडू नका. गाडीत शिरताक्षणी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग एमसीबी. केबल तीन कोरची २.५ चौरस मिलिमीटर, आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेल्या रिळावर १६ अँपिअर ओढले तर आतलं आवरण वितळतं. पंप चालू व्हायच्या वेळी व्होल्टेज १८० च्या खाली जातं. आणि शेतातल्या मोटारीच्या पेटीतून लाइन कधीही घेऊ नका. एक तर ती जोडणी पंपासाठीच दिलेली असते. दुसरं म्हणजे तिथे न्यूट्रल बहुधा नसतो, असला तर कुणी मातीत गाडलेला असतो. तो सुटला की २३० च्या जागी ४०० पर्यंत चढतं आणि फ्रिज, चार्जर, टीव्ही एका फटक्यात जातात.

वळणवाट
पाण्याचं कुणी सांगेल का? पिण्याला वीस लिटरचे जार आणायचे की टाकीचंच पाणी प्यायचं?

दुरडीतली भाकरी
कर्नाटकाच्या बाजूला बऱ्याच गावांत शुद्ध पाण्याची यंत्रं आहेत, नाणं टाकलं की २० लिटर. तिथला नळ कॅनच्या मापाचा असतो, होज लावता येत नाही. म्हणून २० लिटरचे दोन कॅन आणि एक रुंद तोंडाचं फनेल गाडीत ठेवा. पिणं आणि स्वयंपाक त्यावर, आंघोळ-भांडी टाकीवर. दोघांना दिवसाला टाकीचं ३५-४० लिटर लागतं, शॉवरऐवजी बादली-मगाने आंघोळ केली तर २५ मध्ये भागतं.

टाकी तीन महिन्यांतून एकदा आणि पहिल्या पावसानंतर निर्जंतुक करावी. १०० लिटरला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट १०० मिलिलिटर. टाकी भरून प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडायचं, चार तास ठेवायचं, मग ओतून दोनदा साध्या पाण्याने धुवायची. गिझर असेल तर ह्या वेळी बायपास करा. रोजच्या भरण्यात ४ मिलिलिटर पुरे, अर्धा तास थांबून वापरा. हे सगळं स्वच्छ पाण्यासाठी. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्च होतं, म्हणून पावसाळ्यात बादलीत आधी तुरटी फिरवून वरचं निवळ घ्यावं.

फिल्टरचा क्रम बरेच जण उलटा लावतात. ५ मायक्रॉनचा सेडिमेंट टाकी भरायच्या होजवर. कार्बन मात्र टाकीच्या पुढे, स्वयंपाकाच्या नळापाशी. कार्बन आधी लावला तर तो क्लोरीन खाऊन टाकतो आणि टाकीत शेवाळ धरतं. टीडीएस मीटर बोअरची क्षारता सांगतो, जंतू नाही. ८० टीडीएसचं पाणीही पोट बिघडवू शकतं. बैलहोंगल-गोकाकच्या बोअरने गिझरला खडे धरतात, तिथे सहा महिन्यांनी लिटरला ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून तासभर फिरवायचं. क्लोरीन आणि ॲसिड एका दिवशी नको, विषारी वायू होतो.

पंप नळ बंद असताना मधूनच टक्-टक् करायला लागला की कुठेतरी थेंब गळतोय किंवा पंपातली एकमार्गी झडप कचरा धरून आहे. आधी गाळणी उघडून धुवा, मग नळ्यांच्या जोडांवर कोरडा कागद फिरवा. पंप बदलायची गरज क्वचितच पडते.

सांडपाण्याच्या टाकीत भाताची पेज आणि तेल जाऊ देऊ नका. पेज एका दिवसात आंबते. ताटं आधी कागदाने पुसून मग धुवायची. सिंकखालचा नेहमीचा यू-सापळा गाडी हलली की रिकामा होतो आणि वास वर येतो. रबरी जीभ असलेला बिनपाण्याचा सापळा मिळतो, तो बसवा. आणि रिकामी करताना वाटेच्या कडेला झडप उघडून पळायचं नाही, अंगणवाल्याच्या केळीला किंवा शोषखड्ड्याला.

कोरडाठाक
संडास ड्राय सेपरेटिंगच घ्या. लघवी वेगळी गेली की निम्मा वास तिथेच जातो. दोघांची लघवी दिवसाला तीन लिटर धरा, १० लिटरचा कॅन एक दिवसाआड रिकामा, पाण्यात दहापट पातळ करून झाडांना, मालकाला विचारून. कॅनमध्ये तळाला पिवळट खर धरते, ती महिन्याला सायट्रिक ॲसिडने काढा. घन भागाला कोकोपीट. ५ किलोची वीट भिजून ६०-७० लिटर होते, पण संडासासाठी ती जेमतेम दमट ठेवायची, मुठीत दाबली तर पाणी टपकू नये. प्रत्येक वेळी एक मगभर टाकायचं. २० लिटरची बादली दोघांना पाच-सहा दिवस. बादलीपासून बाहेर एक नळी आणि तिच्यात कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा, दोन वॅट, चोवीस तास चालू. नळीच्या तोंडाला जाळी, नाहीतर माश्या आत जातात.

निळं पाणी
आणि ती बादली बेळगाव शहरात कुठे ओतणार? पालिकेच्या कचऱ्यात टाकणं चुकीचं आहे. खत व्हायला किमान वर्ष लागतं आणि त्याला स्वतःचा खड्डा हवा. गावात फिरणाऱ्याला कॅसेट (ओढून बाहेर काढायच्या टाकीचा संडास) बरी. १७ ते २० लिटर, दोघांना दोन-तीन दिवस, कुठल्याही फ्लशच्या संडासात ओतता येते. सार्वजनिक शौचालयात विचारून, नेहमीचे पैसे देऊन. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर भसकन उडतं. मग दोन-तीन लिटर पाण्याने खळबळून घ्या. झाकणाच्या रबरी सीलला सिलिकॉन किंवा ऑलिव्ह तेलाचं बोट, व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं.

कॅसेटमध्ये घालायचं औषध बिन-फॉर्मल्डिहाइडचं घ्या. आपल्याकडे गावांत सगळे सेप्टिक टँक. फॉर्मल्डिहाइडने त्यातले जिवाणू मरतात आणि दुसऱ्या वेळी घरमालक दार उघडत नाही.

कोरडाठाक
शहराचं मान्य. महिन्याच्या बोलीवर शेतात असाल तर ड्राय, सारखं हिंडत असाल तर कॅसेट. बाकी पावसाळ्यात कोकोपीटची वीट बंद पिशवीत ठेवा, ती स्वतःच ओल पिते.

शिनोळी नाका
गॅसबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडरचं कपाट राहत्या जागेपासून हवाबंद आणि त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर निघणारं जाळीचं भोक, किमान १०० चौरस सेंटिमीटर. सिलिंडर उभाच, पट्ट्याने दोन ठिकाणी बांधलेला. लांब रबरी नळी नको, तांब्याची नळी आणि दोन्ही टोकांना आखूड सुरक्षा होज, तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांनी बदला. गाडीच्या हादऱ्याने नट ढिले होतात, म्हणून महिन्याला साबणाचं पाणी लावायचं. चालताना सिलिंडरवरच बंद. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर वर, कार्बन मोनॉक्साइडचा उशीच्या उंचीला. दोन्ही एकाच पेटीत घेतलेले असले तर त्यातला एक चुकीच्या उंचीवर बसतो. ५ किलोचा छोटू दोघांना वीस-पंचवीस दिवस जातो, दुसरा भरलेला जवळ ठेवा.

कागदपत्रं : आरसीवर मोटर कॅराव्हॅन असा वर्ग हवा, त्यासाठीचं मानक एआयएस १२४. प्रवासी गाडी परस्पर आतून बदलली तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं आणि अपघातात विमावाला हात वर करतो. चंदगडचा पत्ता असलेल्यांची गाडी एमएच ०९, आणि राहणं केए २२ मध्ये, असं इथे सर्रास. दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथली नोंदणी लागते, कर वेगळा. टोलच्या आणि पंपाच्या पावत्या जपून ठेवल्या तर गाडी सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरते हे दाखवता येतं.

आडवा गिअर
चासीचं माझ्याकडे. बारमाही राहणाऱ्यांची गाडी महिनाभर जागेवर आणि मग तीन किलोमीटर बाजारापुरती चालते, बीएस ६ इंजिनाला ह्यापेक्षा वाईट काही नाही. डीपीएफमधली (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. पंधरवड्यातून एकदा हायवेवर ६०च्या वेगाने अर्धा तास सलग चालवा, बेळगावहून संकेश्वरपर्यंत जाऊन या. डीपीएफचा दिवा लागल्यावर नुसतं जागेवर इंजिन चालू ठेवलं तर काजळी वाढतेच. एसी किंवा बॅटरीसाठी इंजिन तासन् तास आयडल करणाऱ्यांचे डीपीएफ ह्यामुळेच तुंबतात. डीईएफ (एक्झॉस्ट साफ करायला लागणारं युरियाचं द्रव) उन्हात ठेवू नका, ३० अंशांवर ते लवकर खराब होतं. त्याच्या टाकीच्या तोंडाशी पांढरे खडे दिसले तर गरम पाण्याने धुवा.

उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबतात. तीन आठवड्यांतून एकदा गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे घ्या. टायरवरचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांनी काढा, बाजूच्या भिंतीला बारीक तडे गेले असतील तर त्याआधीच.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना वर चढलात त्याच गिअरमध्ये, नाहीतर त्याहून एक खाली. ब्रेक दाबून धरायचा नाही, जोरात दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि ओलीने त्याचा उकळबिंदू खाली येतो, आपल्या पावसात तर दोन वर्षांनी बदललंच पाहिजे. ऊस हंगामात अंधार पडल्यावर हलूच नका. मागे दिवा नसलेल्या जोड ट्रॉल्या वळणावर अचानक समोर येतात.

वळणवाट
सगळ्यांचे आभार. ट्युब्युलर काढून लिथियम घेतोय, ग्लासवूलही काढतोय, संडास कॅसेट. दोनच शंका राहिल्या. उंदरांचं काय? आणि वजन कुठे करायचं, पासिंगच्या (गाडीला मंजूर वजनाच्या) आत आहे की नाही ते कसं कळणार?

दुरडीतली भाकरी
उंदीर वायरीच्या भोकातून आणि पाण्याच्या नळीच्या कडेने येतात. बोट जाईल अशी फट म्हणजे उंदराला दार. स्टीलची घासणी कोंबून वरून पीयू. कांदे-बटाटे जाळीच्या बुट्टीत टांगून, पीठ-डाळी घट्ट झाकणाच्या डब्यात. विष ठेवू नका, तो भिंतीच्या आत मरतो आणि प्लाय उघडावा लागतो.

उद्यमबागी
वजन हायवेच्या कडेच्या कुठल्याही खासगी काट्यावर. गळिताच्या दिवसांत कारखान्याच्या काट्याकडे जाऊ नका, रांगेतच दुपार जाईल. टाकी भरलेली, डिझेल फुल, दोन्ही माणसं आत, भांडीकुंडी सगळी जागेवर. आधी पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीन आकडे येतात, पुढची आणि मागची बेरीज पूर्ण वजनाच्या जवळ आली पाहिजे. काट्याची रुंदी परवानगी देत असेल तर डावी-उजवी बाजूही बघा, शंभर किलोचा फरक असेल तर सामान हलवा. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा दारावरच्या पाटीवर असते, ती एकूण पासिंगपेक्षा आधी ओलांडली जाते, विशेषकरून पाण्याची टाकी मागे असेल तर. आणि ट्युब्युलर काढल्या की ११० किलो एकाच बाजूचे जातात, तेव्हा स्प्रिंगला हात लावायच्या आधी परत एकदा काट्यावर चढवा.